गॅरेजखालच्या स्टॉर्म शेल्टरमध्ये पाणी येतंय? पंप लावण्याआधी हे तपासा

ओक्लाहोमा, कॅन्सस, उत्तर टेक्सस या पट्ट्यात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांकडून दर वसंतात मला एकच प्रश्न येतो: टॉर्नेडोपासून वाचायला जमिनीखाली शेल्टर बसवून घेतलं, आता त्यात पाणी दिसतंय, काय करू? मी ओक्लाहोमात घरांच्या पायाचं आणि वॉटरप्रूफिंगचं काम करतो. बसवलेल्या शेल्टरमधलं पाणी शोधायला मला जेवढं बोलावणं येतं, तेवढं दुसऱ्या कुठल्याच कामासाठी येत नाही.

इकडच्या बहुतेक घरांना तळघर नसतं. जमिनीवरच काँक्रीटचा स्लॅब ओतून त्यावर घर उभं करतात. खाली तांबडी चिकणमाती असते. ती पावसाळी दिवसांत फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. 3 मे 1999 आणि 20 मे 2013 या दोन्ही दिवशी ओक्लाहोमातल्या मूर शहरावरून सर्वांत वरच्या श्रेणीचे टॉर्नेडो गेले. त्यानंतर गॅरेजच्या स्लॅबमध्ये चौकोनी भोक कापून खाली पोलादी पेटी बसवायची आणि वर सरकतं झाकण ठेवायचं, हा प्रकार खूप वाढला. काहींकडे अंगणात पुरलेलं काँक्रीटचं शेल्टर असतं. पाण्याचा त्रास दोन्हींत होतो, आणि तो नेमका एप्रिल ते जूनमध्ये होतो, म्हणजे शेल्टरची खरी गरज असते तेव्हाच. पाणी असलेल्या शेल्टरमध्ये लोक उतरत नाहीत. रात्री दोन वाजता लहान मुलाला कडेवर घेऊन गढूळ पाण्यात पाय टाकायची कुणाचीच तयारी नसते. म्हणून ही तक्रार किरकोळ समजू नका.

माझा मुख्य मुद्दा आधीच सांगतो. शेल्टरमध्ये येणारं पाणी चार-पाच वेगवेगळ्या वाटांनी येतं आणि प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा असतो. वाट न शोधता सीलंट फासलं किंवा पंप लावला तर पैसे जातात, आणि काही वेळा शेल्टरच धोक्यात येतं.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय दिसतंय ते आधी ठरवा.

- पाऊस नसतानाही भिंतींवर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक थेंब, तळाशी ओल.
- पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत तळाशी पाणी.
- पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाल्यावर पाणी चढतं आणि आठवडाभर उतरत नाही.
- पाऊस असो वा नसो, रोज साधारण तेवढंच पाणी.
- वेल्डिंगच्या रेषेवर किंवा एखाद्या कोपऱ्यात तांबडा ओघळ. काँक्रीटचं शेल्टर असेल तर पांढरट क्षार.
- झाकण अचानक जड सरकू लागलं, शेल्टरची कड स्लॅबपेक्षा वर आलेली दिसते, किंवा कडेच्या स्लॅबला नवी भेग.
- आत पेट्रोलचा किंवा गॅसचा वास.

शेवटच्या दोन लक्षणांसाठी घरच्या तपासण्या नाहीत. कड वर आली असेल तर पाण्याला हात न लावता आठव्या तपासणीतला, शेल्टर उचललं जाण्याबद्दलचा भाग वाचा आणि माणूस बोलवा. वास येत असेल तर आत उतरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गॅरेजच्या जमिनीवरून सरपटत शेल्टरच्या तळाशी जाऊन बसते. दिव्याचं बटणही न दाबता गॅरेजचं दार हाताने उघडा, बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला किंवा गॅस कंपनीला फोन करा. पेट्रोलचे कॅन गॅरेजमध्ये शेल्टरजवळ ठेवायचेच नाहीत.

दुरुस्तीआधीच टॉर्नेडोचा सायरन वाजला तर

तळाशी काही इंच पाणी आहे आणि ते वाढत नाहीये, तर शेल्टर वापरा. गमबूट घाला आणि बसायला उंच स्टूल ठेवा. आत विजेची कोणतीही वायर किंवा एक्स्टेन्शन पडलेली नको. पाणी डोळ्यांदेखत वाढत असेल, किंवा रस्त्यावरचं पुराचं पाणी गॅरेजपर्यंत येत असेल, तर मात्र खाली उतरू नका. घराच्या सर्वांत खालच्या मजल्यावर, मधोमध असलेल्या बिनखिडकीच्या लहान खोलीत किंवा बाथरूममध्ये बसा. डोक्यावर हेल्मेट असू द्या आणि अंगावर गादी घ्या.

हा धोका खरा आहे. 6 मे 2015 रोजी ओक्लाहोमा सिटीत एका दिवसात 7 इंचांहून जास्त पाऊस झाला, टॉर्नेडोचे इशारेही चालू होते, आणि भुयारी शेल्टरमध्ये पाणी शिरून एका महिलेचा बुडून मृत्यू झाला. त्याआधी 31 मे 2013 ला टॉर्नेडोपासून वाचण्यासाठी पावसाच्या नाल्यात शिरलेली माणसं पुरात वाहून गेली होती. टॉर्नेडो आणि ढगफुटीसारखा पाऊस एकाच वादळातून येऊ शकतात, त्यामुळे दोन्ही बेत घरात आधी बोलून ठेवा.

पहिली तपासणी: कोरडं करा, खूण करा, वेळ लिहा

याला खर्च नाही, आणि निम्मं निदान इथेच होतं. तळाशी पाणी इंच-दोन इंचच असेल तर ते पुसून काढा. त्याहून जास्त असेल आणि नुकताच मोठा पाऊस झाला असेल तर थांबा, कारण शेल्टर उचललं जाण्याचा धोका असतो (का, ते आठव्या तपासणीत). आत उतरण्याआधी झाकण थोडा वेळ पूर्ण उघडं ठेवा. बंद, ओल्या जागेतली हवा कोंदट असते.

मग भिंतीवर खडूने तळापासून इंचांच्या खुणा करा आणि आठवडाभर दिवसातून दोनदा पाहा. कागदावर तीनच गोष्टी लिहा: पाऊस कधी झाला, पाणी कधी दिसलं, किती चढलं. पावसाबरोबर लगेच पाणी आलं तर वाट वरून आहे: झाकण, कड, व्हेंट (हवा खेळण्यासाठीचा पाइप) किंवा पन्हळ. उशिरा येऊन रेंगाळलं तर ते जमिनीतलं पाणी आहे. पावसाशी काहीच संबंध दिसला नाही तर घाम किंवा घरातला गळका पाइप. मला बोलावणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे असा कागद तयार असतो त्यांचं काम निम्म्या वेळात होतं.

दुसरी तपासणी: घाम की गळती?

पाच फूट खोल जमिनीचं तापमान ओक्लाहोमात वसंतात साधारण 60 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 15-16 सेल्सिअसच्या आसपास असतं. पोलादी भिंतही तेवढीच थंड. मे महिन्यात मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते तेव्हा दवबिंदू 65 ते 70 फॅरनहाइटपर्यंत जातो. ती हवा थंड भिंतीला लागली की पाणी सुटणारच. ते ओघळून तळाशी साचतं आणि घरातले म्हणतात, शेल्टर गळतंय.

खात्री अशी करा. भिंतीचा एक भाग नीट पुसून कोरडा करा, त्यावर फूटभर चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने पक्का चिकटवा आणि एक पूर्ण दिवस जाऊ द्या. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा आहे. काँक्रीटच्या भिंतीवर प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर ती भिंतीतून झिरपतेय. पोलादातून पाणी झिरपत नाही. म्हणून पोलादी शेल्टरमध्ये हाच तुकडा वेल्डिंगच्या सांध्यावर लावून पाहा.

घामच असेल तर लहान डिह्युमिडिफायर पुरतो. त्याची वायर विजेच्या गळतीपासून संरक्षण देणाऱ्या (जीएफसीआय) सॉकेटलाच जोडा आणि साठलेलं पाणी रिकामं करायला विसरू नका. इथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. "हवा खेळू दे" म्हणून लोक दमट दिवशीच झाकण उघडं ठेवतात, आणि त्यानेच घाम वाढतो. झाकण उघडायचं ते उत्तरेकडून कोरडा वारा आल्यावर. खाली अंथरलेला गालिचा, पुठ्ठ्याचे खोके, जुन्या उशा हे सगळं काढून टाका. बुरशी तिथूनच सुरू होते.

तिसरी तपासणी: झाकण आणि कड

गॅरेजमधल्या शेल्टरवर बहुधा गाडी उभी असते. पावसातून किंवा बर्फातून आलेल्या गाडीखाली बरंच पाणी निथळतं, आणि गॅरेजच्या जमिनीचा उतार शेल्टरकडे असला तर ते थेट झाकणाच्या खाचेत जातं. दोन-तीन वादळी दिवस गाडी बाहेर ठेवून पाहा. तळ कोरडा राहिला तर तुमचा शोध संपला. झाकणाभोवतीची रबरी पट्टी बदला, रुळांमधला कचरा काढा आणि गॅरेज धुताना पाणी दाराकडे लोटा.

गाडी नसतानाही पाणी येत असेल तर पोलादी कड आणि काँक्रीट यांच्यामधली फट पाहा. स्लॅब कापून पेटी बसवली की तिथे सांधा राहतोच, आणि चिकणमाती फुगली-आक्रसली की तो हलतो. कडेभोवती थोडं थोडं पाणी ओता, एका वेळी एकच बाजू, आणि खाली कुणालातरी टॉर्च घेऊन पाहायला सांगा. कड स्लॅबला बोल्टांनी जखडलेली असेल तर बोल्टांच्या भोकांवरही पाणी टाका, तिथून बारीक ओघळ हमखास निघतात.

सांधा भरताना जुनं सीलंट पूर्ण खरवडा, धूळ ब्रशने काढा, कोरडं होऊ द्या, मग पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिलिकॉन मी इथे वापरत नाही. धुळकट काँक्रीटवर ते नीट धरत नाही, आणि एकदा सुटलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही. सिमेंटही नको. हलणाऱ्या सांध्यात भरलेलं सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात तडकतं.

याच वेळी झाकण आतून बंद करून आतूनच उघडून पाहा. रुळ गंजले असतील तर ते पाण्यापेक्षा मोठं संकट आहे. वादळात झाकणावर मलबा पडला तर आतून जोर लावायला जॅक किंवा हाताने ओढायचं विंच शेल्टरमध्येच हवं. तेही गंजलेलं नाही ना, हे बघा. आणि तुमच्या शहरात शेल्टरची नोंद ठेवत असतील तर नोंद करून टाका, म्हणजे बचाव पथकाला कोणत्या घराखाली शोधायचं ते कळतं.

चौथी तपासणी: घराबाहेरचं पाणी

मला सर्वांत जास्त वेळा कारण सापडतं ते इथे, आणि सर्वांत कमी लोक बघतात तेही इथेच, कारण पाणी आत दिसतं आणि माणूस आतच शोधत राहतो.

हिशोब असा. 1,000 चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे 620 गॅलन, म्हणजे साधारण 2,350 लिटर पाणी पन्हळीतून खाली येतं. पन्हळीचा उभा पाइप गॅरेजच्या कोपऱ्याशी सोडलेला असेल तर ते सगळं पायाशी मुरतं. आता शेल्टरचा खड्डा डोळ्यांसमोर आणा. तो खणला चिकणमातीत, जिच्यातून पाणी फार हळू जातं. पेटी बसवून बाजूची जागा खडीने किंवा मोकळ्या मातीने भरली. आजूबाजूचं पाणी त्या मोकळ्या भरावात उतरतं, पण चिकणमातीमुळे त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. शेल्टर मग आठवडाभर पाण्यात उभं राहतं.

म्हणून पन्हळी साफ करा, उभ्या पाइपांना पुढे जोड लावून पाणी पायापासून निदान सहा फूट लांब सोडा, जमलं तर दहा. घराभोवतीच्या जमिनीला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा, इथल्या निवासी बांधकाम संहितेतला नियमच तो आहे. गॅरेजच्या भिंतीला लागून फुलांचा वाफा असेल आणि त्याला विटांची किंवा प्लास्टिकची कड असेल, तर ती कड पाणी अडवून ठेवते. ती मोडा. एसीच्या पाण्याची नळी त्याच कोपऱ्यात टपकत नाही ना, हे पाहा. लॉनच्या स्प्रिंकलरचा एखादा फवारा भिंतीवरच मारत असतो, तोही वळवा.

उन्हाळ्यात पायाच्या कडेला मातीत बोटभर भेगा पडतात. त्या तशाच राहिल्या तर शरद ऋतूतला पहिला पाऊस त्यांतून सरळ खाली जातो. कडेची माती उन्हाळ्यात थोडी ओलसर ठेवणारे लोक शहाणे. मातीची आर्द्रता सारखी राहिली की सांधेही कमी हलतात.

एवढं करून दोन-तीन पाऊस जाऊ द्या. खर्च पाइपाच्या जोडांचा आणि थोड्या मातीचा. पुढची महागडी कामं करण्याआधी ही वाट पाहणं जिवावर येतं हे मला कळतं, पण पन्हळीचं पाणी हटवलं की बऱ्याच घरांचा प्रश्न तिथेच सुटतो.

पाचवी तपासणी: घरातला पाइप

पाऊस नसताना रोज तेवढंच पाणी येत असेल तर नळाच्या पाण्यावर संशय घ्या. घरातले सगळे नळ, आइसमेकर, स्प्रिंकलर बंद करा आणि रस्त्याकडच्या पाण्याच्या मीटरवरचा छोटा फिरता काटा तासभर पाहा. तो हलत असेल तर कुठेतरी गळती आहे. जोडीला जलतरण तलावासाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या पट्ट्या आणा आणि शेल्टरमधल्या ताज्या पाण्यात एक बुडवा. क्लोरीन दिसला तर पाणी नळाचंच. दिसला नाही म्हणून पाइप निर्दोष ठरत नाही, कारण मातीतून येताना क्लोरीन संपून जातो. स्लॅबखालची गळती शोधणं प्लंबरचं काम आहे. त्याच्याकडे आवाजावरून जागा ओळखायचं यंत्र असतं. स्वतः स्लॅब फोडू नका.

सहावी तपासणी: व्हेंट

व्हेंटच्या पाइपावरची टोपी पडली असेल, वाकली असेल किंवा तिच्या बुडाशी फट असेल तर पाऊस तिथून आत येतो. टोपी नवी बसवा, बुडाची फट भरा. पण व्हेंट बुजवू नका. पाण्याला कंटाळून व्हेंटला फोम, चिंध्या, प्लास्टिकची पिशवी कोंबलेली शेल्टरं मी पाहिली आहेत. फेमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या मार्गदर्शनानुसार घरगुती शेल्टरमध्ये माणशी तीन चौरस फूट जागा धरतात. एवढ्या दाटीत बंद झाकणाखाली चार-पाच माणसं बसली की हवेची गरज पडते, आणि वर मलबा पडला तर ती तासन् तास पडते. ओले पाय परवडतात. तुमच्या शेल्टरच्या व्हेंटमध्ये काही कोंबलेलं असेल तर हे वाचून झाल्यावर आधी ते काढा.

सातवी तपासणी: आतले सांधे

इथपर्यंत येऊनही पाणी थांबलं नाही तर ते भिंतीच्या बाहेर साठलंय आणि सांध्यातून दाबाने येतंय. आतून सगळं कोरडं करून सांध्यांवर खडूची पूड किंवा मैदा भुरभुरा. पाणी जिथे पहिल्यांदा उमटतं तिथे रेघ ओली होते. वरच्या ओघळावर जाऊ नका, तळापासून वर शोधत या. बाहेरून नळी लावायची असेल तर एका जागी पंधरा-वीस मिनिटं सोडा, पाण्यात खाण्याचा रंग घाला, आणि चिकणमातीत पाणी सावकाश उतरतं म्हणून लगेच काही दिसलं नाही तरी दुसऱ्या दिवसापर्यंत निष्कर्ष काढू नका.

काँक्रीटचं शेल्टर बहुधा दोन भागांत येतं, आणि मधल्या आडव्या सांध्यात चिकट मॅस्टिकची पट्टी असते. ती एखाद्या ठिकाणी सुटली की तेवढ्याच जागेतून पाणी येतं. बारीक भेग असेल तर ती छिन्नीने थोडी रुंद करून हायड्रॉलिक सिमेंट भरता येतं. ते वाहत्या पाण्यातही तीन ते पाच मिनिटांत पकडतं, म्हणून एका वेळी मूठभरच कालवा. हलणाऱ्या सांध्यात मात्र पॉलियुरेथेन इंजेक्शन लागतं, आणि ते अनुभवी हातानेच व्हावं.

पोलादी शेल्टरमध्ये वेल्डिंगला सुईएवढं छिद्र असेल तर इपॉक्सी पुटीने हंगाम निघतो. कायमचा उपाय वेल्डिंगचाच. ते तुम्ही किंवा ओळखीचा वेल्डर खाली उतरून करू नका. अरुंद खड्डा, धूर आणि वर गॅरेजमध्ये गाडी, हे मिश्रण जीवघेणं आहे. शेल्टर ज्यांनी बसवलं त्यांना आधी कळवा, कारण गळतीची हमी बहुतेक वेळा त्यांनी दिलेली असते आणि परस्पर केलेल्या वेल्डिंगने ती जाते.

आतून वॉटरप्रूफ रंग मारायचा मोह अनेकांना होतो. बाहेर चार फूट पाणी साठलं तर तळाजवळ दर चौरस फुटाला सुमारे 250 पौंड दाब येतो. आतून लावलेला रंग त्या दाबाने फुगून सुटतो, आणि मधल्या काळात त्याच्यामागे पोलाद कुठे गंजतंय तेही दिसत नाही.

भिंतीला किंवा झाकणाला पाइपासाठी भोक पाडू नका. आयसीसी 500 या स्टॉर्म शेल्टरसाठीच्या मानकानुसार चाचणी करताना 15 पौंडांचा लाकडी वासा उभ्या भागांवर ताशी 100 मैल आणि आडव्या भागांवर ताशी 67 मैल वेगाने डागतात. तुमचं झाकण ज्या स्वरूपात त्या चाचणीला उतरलं, त्या स्वरूपातच ते तुम्हाला वाचवेल.

आठवी, आणि सर्वांत अवघड: जमिनीतलं पाणी

पाणी उशिरा येतं, रेंगाळतं, बाहेरची सगळी कामं झाली तरी येतं, तर शेल्टर पाण्यात उभं आहे हे मान्य करा. इथे घाई धोक्याची आहे.

पाण्याने भरलेल्या बादलीत रिकामा डबा दाबून धरला तर तो हाताला वर ढकलतो. तुमची पोलादी पेटी त्याच स्थितीत असते. 7 फूट लांब, 3 फूट रुंद आणि 5 फूट खोल पेटी पूर्ण पाण्यात असली तर तिला वर ढकलणारा जोर होतो 105 घनफूट गुणिले 62.4 पौंड, म्हणजे सुमारे 6,500 पौंड. पाव इंची पोलादाची तेवढी पेटी स्वतः दीड हजार पौंडांच्या आसपास भरते. उरलेला जोर बोल्ट, भोवतीचं काँक्रीट आणि भराव मिळून धरतात. आत फूटभर पाणी असेल तर त्याचंच वजन 1,300 पौंड असतं आणि ते पेटीला खाली धरून ठेवायला मदत करतं. भर पावसात, माती चिंब असताना तुम्ही पंप लावून ते काढलंत की ती मदत गेली. मे 2015 मध्ये राज्यभर सरासरी 14 इंचांहून जास्त पाऊस झाला. अशा महिन्यात हा हिशोब कागदावरचा राहत नाही, पेट्या खरोखर वर येऊ शकतात.

म्हणून मोठ्या पावसानंतर आतलं पाणी एकदम काढू नका. कड स्लॅबशी समपातळीत आहे ना ते लांब सरळ पट्टी ठेवून पाहा. पाणी दोन-दोन इंच करत काढा आणि मध्ये काही तास जाऊ द्या. काढलेलं पाणी तेवढ्याच वेगाने परत आलं तर पंप बंद करा. पेट्रोलवर चालणारा पंप किंवा जनरेटर शेल्टरमध्ये तर सोडाच, गॅरेजमध्येही चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसाला ते कळायच्या आत शुद्ध जाते.

टिकाऊ उपाय बाहेरून करावा लागतो: शेल्टरच्या तळाच्या पातळीला छिद्रांचा पाइप, भोवती खडी, त्यावर गाळणारं कापड, आणि ते पाणी उतारावर लांब नेऊन सोडणं. जमीन सपाट असेल तर बाजूला वेगळा खड्डा करून त्यात संप पंप, म्हणजे साठलेलं पाणी उपसणारा पंप. पंपाला बॅटरीचा आधार हवाच, कारण टॉर्नेडोच्या रात्री वीज सर्वांत आधी जाते. हे काम अंगणात कुदळ मारून सुरू करू नका. खणण्याआधी 811 या त्यासाठीच्याच क्रमांकावर फोन करा, ते गॅस, वीज, पाण्याच्या मुख्य लाइनींवर मोफत खुणा करून देतात.

इथे थांबा, माणूस बोलवा

शेल्टरची कड वर आली, पेटी तिरपी झाली किंवा भोवतीच्या स्लॅबला भेगा पडल्या तर राज्याचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. त्याचा अहवाल येईपर्यंत ते शेल्टर वापरात नाही असं समजा आणि घरातली आतली खोली तयार ठेवा.

पोलादाला टोकदार हातोडीने हलकं ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल किंवा गंजाचे पापुद्रे निघत असतील तर काम वेल्डिंगपुरतं राहिलेलं नाही. बसवणाऱ्या कंपनीला तपासायला बोलवा, आणि बाहेरच्या बाजूला गंजरोधक लेप व मॅग्नेशियमचे अॅनोड (पोलादाऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) होते का, ते विचारा.

स्लॅब पुन्हा कापायचा प्रसंग आला तर तो पोस्ट-टेन्शन, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला आहे का, हे आधी ठरवून घ्या. उत्तर टेक्ससमध्ये असे स्लॅब सर्रास आहेत. गॅरेजच्या जमिनीवर किंवा भिंतीवर तसा शिक्का सहसा असतो. आतली प्रत्येक केबल ताणताना तिच्यावर सुमारे 33,000 पौंडांचा ताण दिलेला असतो. करवतीखाली ती तुटली तर माणूस जखमी होतो आणि घराचा पायाही कमकुवत होतो. केबल कुठून जातात ते यंत्राने शोधून आखल्याशिवाय कुणालाही, कितीही स्वस्तात, करवत लावू देऊ नका.

घर पूरक्षेत्रात असेल तर, म्हणजे फेमाच्या नकाशावर तसं दाखवलं असेल तर, गळती दुरुस्त करण्यात पैसे घालू नका. त्या जागी जमिनीखालचं शेल्टर असायलाच नको होतं. जमिनीवरची सेफ रूम तेवढीच भक्कम बांधता येते, फेमाच्या पी-320 आणि पी-361 या पुस्तिकांमध्ये तिचे निकष आहेत. ज्या कंत्राटदाराला बोलवाल त्याला आयसीसी 500 बद्दल विचारा. शेल्टर बनवणारा असेल तर तो नॅशनल स्टॉर्म शेल्टर असोसिएशनचा सदस्य आहे का, हेही विचारा. आणि काम सुरू होण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या: पाणी कोणत्या वाटेने येतंय असं त्याचं निदान आहे, ते कशावरून, आणि पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा आलं तर तो कोणत्या खर्चाने परत येईल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर न देता जो थेट पंपाची किंमत सांगतो, त्याला मी माझ्या घरी काम देणार नाही.